मर्लचा फोन उघडणारी बाई

जेनेल निएमीला निवांत बसलेलं कचेरीत फारसं कोणी पाहिलं नव्हतं. मिनियापोलिसमधल्या त्या जुन्या इमारतीत तिचं टेबल खिडकीपाशी होतं, पण काम चालायचं उभ्यानंच. एखाद्या फोनची नक्कल संगणकावर उतरत असली की ती खिडकीपर्यंत जायची, परत यायची, कॉफी ओतून घ्यायची आणि ती प्यायची विसरून जायची. मालक हॉवर्ड टीग म्हणायचा, "बस की जरा. तुझ्या फेऱ्यांनी गालिचा विरला." ती बसायची आणि दोन मिनिटांत पुन्हा उठायची.

कचेरीचा धंदा असा, की दोन पक्षांचं भांडण कोर्टात गेलं की एकमेकांना आपापली कागदपत्रं दाखवावी लागतात. हल्ली कागद कुठले? सगळं ईमेलात, फोनमध्ये. ते बाहेर काढायचं, त्यातलं खटल्याशी संबंध असलेलं निवडायचं आणि कोर्टानं विचारलं तर शपथेवर सांगायचं, की हे असं असं शोधलं. या कामासाठी म्हणून कोणी शिकून येत नाही. ज्याचं दुसरीकडे बिनसलं तो इकडे येतो. हॉवर्ड विद्यापीठाचा ग्रंथपाल होता. ग्रंथालयानं पुस्तकं तळघरात हलवली तेव्हा तोही बाहेर पडला. होडान वारसामेनं वकिलीची परीक्षा दिलेली, पण मोठ्या फर्ममध्ये जागा मिळेना, म्हणून एका हंगामापुरती कागद वाचायला आली आणि राहिली. आणि जेनेल आली ती पोलिसातून.

डुलुथला ती पोलिसांच्या प्रयोगशाळेत होती. जप्त केलेले फोन उघडणं हे तिचं काम. एकदा खून झालेल्या एका मुलीचा फोन तिच्याकडे आला. तिनं तो उघडला, पूर्ण नक्कल काढली. कायद्याप्रमाणे ती आरोपीच्या वकिलालाही मिळाली. त्यानं भर कोर्टात त्या मुलीचे खासगी निरोप वाचून दाखवले, आणि मुलीची आई समोरच बसली होती. जेनेलचं काही चुकलं नव्हतं. वरिष्ठ तसं म्हणाले, सरकारी वकील म्हणाले, तिचा स्वतःचा नवराही म्हणाला. काही चुकलं नव्हतं हेच तिला पचेना. तिनं राजीनामा दिला, आणि तेव्हापासून तिला एका जागी बसवेनासं झालं.

हॉवर्डकडे येऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा टॅमरॅक ग्रॅव्हलचं प्रकरण आलं. उत्तरेकडे, लोखंडाच्या खाणींच्या मुलखात ही खडी-वाळूची कंपनी. तिचे ट्रक एका छोट्या गावाच्या पुलावरून जात, आणि पुलाला तडे गेले. गावानं दावा लावला, की ट्रक जास्त भरलेले असत आणि कंपनीला ते ठाऊक होतं. कंपनीच्या वकिलांनी माणसांचे फोन गोळा करायचं काम हॉवर्डला दिलं. जेनेल गाडी घेऊन वर गेली.

मर्ल सुंडवॉल तिथला ट्रक सोडणारा माणूस. वजनकाट्याशेजारच्या खोलीत बसायचा. साठीला आलेला, मोठ्या हाताचा, हळू बोलणारा. बाकीच्यांनी मुकाट फोन दिले. मर्लनं आपला फोन टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढला नाही.

"यातलं सगळं दिसतं का तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"उतरतं सगळं. बघायचं तेवढंच बघतात."

"कोण बघतात?"

तिनं वकिलांची नावं सांगितली. मर्लनं मान हलवली, उठून दार लावून आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "माझा मुलगा कोल्बी व्यसनमुक्तीला आहे. खाली, रॉचेस्टरकडे. इथं कुणाला माहीत नाही. लोकांना वाटतं तो डकोटात तेलविहिरीवर कामाला आहे. मीच तसं सांगितलंय. आमचं रोजचं बोलणं यात आहे."

"खटल्याशी संबंध नाही ते कुणाच्या हातात जाणार नाही," जेनेल म्हणाली. "मी बघते ते."

त्यानं हात उचलला. "बरं, पोलीसबाई."

ती पोलिसात होती हे त्यानं कसं ओळखलं कोण जाणे. परत येताना गाडीत तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. पोलिसात असताना तिनं कुणालाही असा शब्द दिला नव्हता. तिथं शब्द द्यायची सोयच नव्हती, आणि त्यातच एक सुटका होती.

पुढं व्हायचं तेच झालं. गावाच्या वकीलबाई, ॲडलिन क्रू, यांनी मर्लच्या फोनची पूर्ण नक्कल मागितली. त्यांचंही चूक म्हणता येईना. कंपनीच्या एका मुकादमाचा फोन म्हणे गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना बर्फाला पाडलेल्या भोकात पडला होता. एवढं ऐकल्यावर दुसऱ्या फोनवर कोण विश्वास ठेवील? कंपनीच्या वकिलांना मर्लचं सोयरसुतक नव्हतं. देऊन टाका म्हणाले, आपलं काय जातं. जेनेल अडून बसली. हॉवर्डनं तिच्या बाजूनं पत्र लिहिलं, आणि तिनं शपथपत्र दिलं की पूर्ण नक्कल द्यायची गरज नाही.

तेव्हा क्रूबाईंनी तिलाच जबानीला बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला जेनेल, समोर क्रूबाई, कोपऱ्यात शब्दन्‌शब्द टिपून घेणारा माणूस. पहिला तासभर सगळे प्रश्न जेनेलच्या पूर्वायुष्याचे. कुठं शिकली, पोलिसात काय केलं, किती फोन उघडले, का सोडलं. जेनेलचे पाय टेबलाखाली हलत होते.

"पोलिसात तुम्ही फोनचा थोडासा भाग कधी काढून घेतलात का?" क्रूबाईंनी विचारलं.

"नाही. नेहमी पूर्ण."

"कारण अर्ध्या फोनवरून खरं कळत नाही. तुमच्याच एका अहवालात असं लिहिलंय."

"लिहिलंय."

"मग आता काय बदललं? फोन की पगार देणारे?"

कंपनीच्या वकिलानं हरकत घेतली. जेनेलनं हातानंच त्याला थांबवलं. "तिथं मी फोन उघडून पुढं द्यायची," ती म्हणाली. "पुढं त्याचं काय होतं ते बघायची माझ्यावर वेळ येत नव्हती. नंतर ते एकदा बघितलं."

क्रूबाईंनी पुढचा प्रश्न विचारला. जबानी संपली तेव्हा जेनेलला वाटलं, आपण फार वाईट बोललो. होडान म्हणाली, वाईट नाही, पण तज्ज्ञासारखं नाही बोललीस. त्यानं तिला आणखीच कसंसं झालं.

न्यायाधीशबाईंचा हुकूम आठवड्याभरात आला. पूर्ण नक्कल गावाला द्यायची नाही. पण निवड कंपनीच्या वकिलांनीही करायची नाही. दोन्ही बाजूंच्या वतीनं जेनेल निएमीनं एकटीनं सगळं वाचायचं आणि संबंधित तेवढं दोघांना द्यायचं.

"जिंकलीस," हॉवर्ड म्हणाला.

जिंकल्याची बक्षिशी म्हणून तिला एका बापाचं आणि मुलाचं दोन वर्षांचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं लागलं. ती थोडं वाचायची, उठायची, जिना उतरून रस्त्यावर जायची, गारठ्यात उभी राहायची आणि वर यायची. मर्ल लांबलचक लिहायचा. नीट जेव. वाईट संगत धरू नको. डॉक्टर सांगतात ते ऐक. कोल्बीची उत्तरं तुटक. कधी शिवी. कधी दिवसचे दिवस काही नाही. शेवटी शेवटी मर्लचेच निरोप एकाखाली एक, आणि समोरून शांतता.

आणि या सगळ्याच्या मध्येच ते होतं. मर्लनं मुलाला लिहिलं होतं : "आज पुन्हा साहेबांनी सांगितलं, काट्यावर नेऊ नकोस, तसेच सोड. मी सोडले. त्या पुलावरून शाळेची बस जाते रे. तुला खोटं बोलू नको म्हणून रोज सांगतो आणि मी स्वतः काय करतोय."

जेनेल उभी होती ती खाली बसली.

हे द्यायलाच हवं होतं, त्यात वादच नव्हता. प्रश्न शेवटच्या वाक्याचा होता. त्यावर काळी पट्टी मारली तर मुलगा झाकला जातो. पण मर्लला आपण करतोय ते चूक आहे हे ठाऊक होतं, हे त्याच वाक्यात होतं. तिनं होडानला नावगाव न सांगता विचारलं. होडान म्हणाली, "पट्टी मारायची तुला इच्छा आहे म्हणून विचारतेस, की मारता येते म्हणून?"

जेनेलनं पट्टी मारली. मग काढली. जेवायला म्हणून बाहेर गेली, वाइल्ड राइसचं सूप तसंच टाकून परत आली आणि पुन्हा मारली. संध्याकाळ व्हायच्या आत तिनं ती कायमची काढून टाकली. आजूबाजूचं सगळं झाकलं, त्या चार ओळी तेवढ्या उघड्या ठेवल्या आणि दोन्ही वकिलांना पाठवलं. मर्लशी परस्पर बोलायची तिला मुभा नव्हती. त्याला आधी कल्पना द्या, असं तिनं कंपनीच्या वकिलाला दोनदा सांगितलं. तो हो म्हणाला, आणि त्यानं काही सांगितलं नाही.

मर्लच्या जबानीला गावाचे दोन पंच येऊन बसले होते. क्रूबाईंनी त्या ओळी वाचल्या आणि विचारलं, हे कुणाला लिहिलंत? मर्ल म्हणाला, "माझ्या मुलाला. तो रॉचेस्टरला व्यसनमुक्ती केंद्रात होता. आता कुठं आहे मला माहीत नाही." कंपनीच्या वकिलानं थांबायची खूण केली, पण मर्ल थांबला नाही. काटा चुकवायला कोण सांगायचं, कधीपासून, सगळं सांगून मोकळा झाला. दिवस मावळायच्या आत कोल्बीची गोष्ट गावभर झाली.

कंपनीनं तडजोड केली. पूल नवा बांधून द्यायचं कबूल केलं. मर्लची नोकरी गेली.

प्रकरण बंद झाल्याचा कागद आला त्याच दिवशी जेनेल गाडीत बसली. हॉवर्डनं विचारलं, कशाला जातेस? तिला सांगता आलं नाही. तळ्यावरचं बर्फ फुटायला लागलं होतं. मर्ल घरामागच्या शेडमध्ये होडीचा पंप खोलून बसला होता. तिला पाहून तो उठला नाही.

"शब्द दिला होतात तुम्ही," तो म्हणाला.

"दिला होता. द्यायला नको होता."

"मी तुमच्या भरवशावर हात उचलला, बाई."

ती दारात उभी राहिली, वजन या पायावरून त्या पायावर टाकत. जावं असं वाटत होतं, पण जाववेना. मर्लनं पाना खाली ठेवला, हात पुसले. मग बोलला तो वेगळ्याच आवाजात.

"सगळं वाचलंत ना तुम्ही? त्याचं, माझं?"

"सगळं."

"मी सोडून तेवढं वाचलेलं दुसरं कुणी नाही. त्याच्या आईनंसुद्धा नाही, बिचारी आधीच गेली. महिने झाले, त्याचं उत्तर नाही. तुम्हाला काय वाटतं, तो बोलेल का कधी?"

पोलिसात असती तर ती म्हणाली असती, सांगता येत नाही. तिनं खरंच आठवून पाहिलं.

"तुम्ही त्याला सांगायला लागलात की तो गप्प होतो," ती म्हणाली. "तुम्ही त्याला काही विचारलंत की तो उत्तर देतो. ट्रकच्या गिअरचं विचारलं होतंत, तेव्हा त्यानं किती लांब लिहिलं होतं. तेवढं लांब दुसरं काहीच नाही."

"हे तुम्हाला बाहेरून दिसलं," मर्ल पुटपुटला. तो रागावला होता की नाही हे तिला कळलं नाही. त्यानं कॉफी विचारली नाही, आणि तिनंही थांबायचं नाव काढलं नाही. ती निघाली तेव्हा तो खोललेल्या पंपाचा फोटो काढताना दिसला.

वसंत सरला. जेनेल कचेरीत फेऱ्या मारत होती, दुसऱ्या कुणाचा तरी फोन उतरत होता. तिच्या फोनवर अनोळखी नंबरावरून निरोप आला. मर्लचा होता.

"पंपाचं विचारलं होतं. काल उत्तर आलं. आधी शिवी दिली, मग म्हणाला वॉशर उलटा बसवलाय."

तिनं तो हॉवर्डला दाखवला नाही, होडानलाही नाही. एकदा वाचला, पुसून टाकला आणि जिना उतरून बाहेर पडली. चालत ती पार नदीपर्यंत गेली.