शाडूचं दार

गणपतीच्या दुकानातला ओल्या रंगाचा वास आला की माझी कंबर आजही दुखते. नागपूरहून गाड्या बदलत, कंबर मोडेपर्यंत शिणून, मी पेणला एका दलालाकडची दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलो होतो. शाळेपासून मनात होती तशीच, लालभडक. खिशातलं लोहचुंबक दाराला लावलं, तर ते घसरून खाली पडलं. “पत्रा खाडीच्या वाऱ्यानं खाल्ला,” दलाल शांतपणे म्हणाला, “म्हनून गणपतीवाल्याकडून शाडू भरून, रंगवून घेतलाय. सांधा दिसतो काय?” खरंच दिसत नव्हता. “आणि पावसात?” मी विचारलं. “पाण्यात गणपती तरी कुठं टिकतो, सायब?” मी लोहचुंबक उचललं आणि एसटी स्टँड गाठलं. एसटी सुटताना तो खिडकीशी येऊन म्हणाला, “पुढच्या वर्षी लवकर या.” विसर्जनाला सगळे हेच ओरडतात, तेव्हा मी गप्प असतो.