गोदावरीच्या चित्राखालची पाटी

फ्लेक्सवाल्यांनी नांदेडच्या पेंटरांचा धंदा बुडवला, तेव्हा पाट्या रंगवणाऱ्या ज्ञानोबाने साठीत तैलचित्राचं खूळ डोक्यात घेतलं. शेजारचे चित्रकलेचे शिक्षक अमरनाथ सर त्याला रोज सकाळी गोदावरीच्या घाटावर न्यायचे. "रेघ मारायची नाही, काळा रंग वापरायचा नाही, पाण्यावरचा उजेड तेवढा रंगवायचा," ही त्यांची शिकवण. ज्याचा जन्म पाट्यांच्या कडा सरळ करण्यात गेला, त्याला नुसते ठिपके टाकायला लावणं म्हणजे छळच. चार कॅनव्हास वाया गेले. पाचव्यावर मात्र नदी उतरली. जवळून बघावं तर रंगांचा चिखल, पण सात पावलं मागं सरकलं की पाणी हलायला लागायचं.

"नाव टाकू का, सर?"

"ओल्या रंगात नको. वाळायला सहा महिने लागतील. माझ्याकडं राहू द्या, लातूरच्या प्रदर्शनात लावू."

ज्ञानोबाने ब्रश खाली ठेवला. शिकवणाऱ्यावर कुणी संशय घेतं का?

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच सरांनी त्याला लातूरला बोलावलं. चित्रांखालच्या पाट्या हाताने लिहून हव्या होत्या. बायको नागुबाईही हट्टाने सोबत आली. नवऱ्याचं नाव भिंतीवर लागलेलं तिला बघायचं होतं.

सरांनी दिलेल्या यादीतली अकरावी ओळ होती, 'गोदावरी, सकाळ. चित्रकार: अमरनाथ.' ज्ञानोबा धावतच चित्रापाशी गेला. कोपऱ्यात सरांची सही वाळून कडक झाली होती.

"सर, हे माझं हाय."

"हात तुमचा, नजर माझी," सर हसले. "आणि पाट्या रंगवणाऱ्याचं नाव वाचून कोण थांबतं, ज्ञानोबा? लिहा लवकर, पाहुणे येतील."

हातातली रंगाची डबी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतावी, असं त्याला वाटलं. ज्या माणसाला त्याने देव मानलं होतं, त्याने घर फोडावं तसं त्याला लुटलं होतं. पण दारात नागुबाई बसली होती. तिच्यादेखत हाकलून दिलं तर? त्याने पाटी लिहिली. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

दुपारी नागुबाई चित्रासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"लिवलंय न्हवं नाव?"

"लिवलंय."

लग्नातल्या उखाण्यानंतर चाळीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. आता तिने पाटीवरच्या अक्षरांखालून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "ज्ञानोबा."

"हाव," तो म्हणाला.