जावेच्या कार्डावरची बाई

१९८९ साली बेळगावच्या खडेबाजारातल्या एका माडीवर सिद्राम कोलकार संगणक शिकवायचा. दोन मशिनं, अकरा विद्यार्थी आणि पुण्याहून झेरॉक्स करून आणलेलं सी प्लस प्लसचं पुस्तक. त्या दिवशी त्यानं खिशातून पत्र्याचा एक चौकोनी तुकडा काढला. निपाणीत विडीचं पान याच मापानं कापतात.

"हा क्लास," तो म्हणाला. "विडीचं माप काय, एवढंच हा सांगतो. हा ओढता येत न्हाय. या मापानं वळलेली एकेक विडी म्हणजे ऑब्जेक्ट."

"सर, कारखाना हाय व्हय तुमचा?" मागून आनंदनं विचारलं. पोरं हसली.

"आईचा पत्रा हाय," सिद्राम म्हणाला. हसू थांबलं.

त्याची आई यल्लव्वा तीस वर्षं विड्या वळत होती. पण ठेकेदाराच्या दप्तरात त्या नावाची बाईच नव्हती. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला विडी कामगाराचं नवं कार्ड मिळालं नाही. थोरली जाऊ मालुबाई, तिच्या कार्डावर दोघींचा माल जाऊ लागला. गल्लीत निम्म्या घरांची हीच रीत. कॉलेजात असताना सिद्रामनं एकदा विषय काढला, तर म्हणाली, "नाव तिचं असलं म्हणून काय झालं रं? बोटं माझीच हाईत न्हवं?"

पुढं तो बेळगावला नोकरीला लागला. निपाणीला रविवारी जाई आणि रविवारी ठेकेदाराचं दुकान बंद. "पुढच्या खेपेला रजा काढून येतो, तुझं कार्ड करू," असं तो तीन वर्षं सांगत राहिला.

८७च्या थंडीत तिच्या खोकल्यातून रक्त पडलं. विडी कामगारांच्या दवाखान्यातून मिरजेच्या मोठ्या इस्पितळात पाठवत, पण कार्ड लागे. खिडकीवरच्या कारकुनानं नाव विचारलं. यल्लव्वा सवयीनं म्हणाली, "मालुबाई."

मालुबाई आठच दिवसांपूर्वी त्याच खिडकीवरून औषध घेऊन गेली होती.

"ही ती बाई न्हवं," कारकून म्हणाला.

मग सिद्राम कार्डामागं धावला. ठेकेदार म्हणाला, असं नाव आमच्याकडं कधी नव्हतंच. कार्ड न लागणाऱ्या दुसऱ्या इस्पितळात न्यावं, हे सिद्रामला अडीच महिन्यांनी सुचलं. तोवर तिला उठून बसता येत नव्हतं. ती गेल्यावर विसाव्या दिवशी कार्ड आलं. नाव बरोबर होतं.

सिद्रामनं पत्रा टेबलावर ठेवला आणि फळ्यावर दुसरा क्लास लिहिला: कामगार. आत नाव, वय, गाव.

"ऑब्जेक्ट तयार होतं, त्याच क्षणी आपोआप चालतो तो कन्स्ट्रक्टर. त्याचं नाव, वय तिथल्या तिथं भरून घ्यायचं."

पुढच्या बाकावरच्या लतिकानं हात वर केला. "सर, आत्ता नुसतं ऑब्जेक्ट करून ठेवलं आणि नाव मागनं भरलं, तर चालत न्हाय का?"

"चालतंय," सिद्राम म्हणाला. हातातला खडू त्यानं खाली ठेवला. "मधे कुणी नाव विचारलं न्हाय, तर चालतंय."