बंद टेकडीवरच्या पिवळ्या पट्ट्या

आमच्या घरामागची टेकडी बंद ठेवावी असं ज्या अहवालात म्हटलं होतं, तो मीच लिहिलेला होता. शेजारच्या बाईंना हे मला पहिल्याच भेटीत सांगावं लागलं, कारण ती भेट बंदीच्या फितीपलीकडे, बंद वाटेवर झाली.

भूकंपानंतरच्या कामांसाठी पुण्याहून ख्राइस्टचर्चला येऊन मला वर्ष होत आलं होतं. माझं काम डोंगरउतारांचं. कुठला धोंडा सुटायला आलाय, कुठली दरड भरवशाची नाही ते पाहायचं, धोंड्यांवर स्प्रेने आकडे घालायचे आणि ऑफिसात येऊन अहवाल लिहायचा. पोर्ट हिल्सच्या पायथ्याशी घर भाड्याने घेतलं तेव्हा बायको खूश झाली होती, "मागेच चालायला वाट आहे!" वाट होती, पण तिच्या तोंडाशी फीत ताणलेली होती.

२०१३ च्या हिवाळ्यात एका सकाळी मी हेल्मेट घालून वर चाललो होतो, तर समोरून सत्तरीच्या एक बाई उतरत होत्या. हातात काठी, पायात जुने पण तेलपाणी केलेले बूट.

"इथे यायला बंदी आहे," मी म्हणालो.

"मग तू इथे काय करतोस?"

"मी ही वाट तपासतो."

"अच्छा, म्हणजे तू बंद केलीस. उघडणार कधी?"

"वर तीन मोठे धोंडे आहेत. ते काढले की उघडेल. काही महिने लागतील."

हे मी वेळ मारून न्यायला म्हणालो नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं.

त्या आमच्या शेजारीण निघाल्या. तरुणपणी नवऱ्याबरोबर पोलंडहून आलेल्या, आता एकट्या. रविवारी त्या कुंपणापाशी येत, खसखशीच्या केकचा तुकडा माझ्या मुलीच्या हातात देत आणि मला विचारत, "किती महिने झाले?" बायको त्यांना चकल्या देई. त्या चकली चहात बुडवून खात, ते बघवत नसे.

त्यांचं गाव काझिमेश दोल्नी, विस्तुला नदीकाठचं. मध्ये दगडी चौक, नदीवर जुनी धान्याची कोठारं, टेकडीवर पडका किल्ला, आणि गावाभोवती पायवाटांचं जाळं. त्यांचे वडील शाळेत शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी या वाटांवर खुणा रंगवत. झाडाच्या बुंध्यावर तीन आडव्या पट्ट्या, वरची-खालची पांढरी, मधली त्या वाटेच्या रंगाची. रंगाचा डबा धरायचं काम लहानपणी त्या करत. "वडिलांचा नियम होता," त्या म्हणाल्या, "एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. नाही दिसली तर चूक चालणाऱ्याची नाही, रंगवणाऱ्याची."

त्यांच्या गावच्या वाटा खोल घळींतून जातात. दोन्ही बाजूंना मातीच्या उभ्या भिंती, त्यातून झाडांची मुळं बाहेर लोंबतात. त्यांनी मातीचं वर्णन केलं, पिवळसर, पिठासारखी, वाऱ्याने आणून टाकलेली, आणि मी हसलो. आमच्या टेकडीवरही तीच माती होती. कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते, पाणी लागलं की साखरेसारखी विरघळते. माझ्या अहवालात तिच्यावर एक अख्खं प्रकरण होतं.

"म्हणजे आमच्याकडेही घळी ढासळतातच," बाई म्हणाल्या. "मग आम्ही काय करतो? शेजारच्या झाडावर नवी खूण रंगवतो. तुम्ही अहवाल लिहिता."

आणि मंजुरीसाठी पाठवलेले अहवाल परत येत होते. पहिला आला, कारण चालणाऱ्यांच्या जोखमीचं वेगळं गणित हवं होतं. ते दिलं. तोवर पाहणी जुनी झाली, पुन्हा करा. केली. मग वाटेची देखभाल बघणाऱ्या समितीत नवी माणसं आली, त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून हवं होतं. पुण्यात असताना मी सरकारी कामाला नावं ठेवायचो. तिथे निदान भांडायला एक टेबल असतं, टेबलामागे एक माणूस असतो. इथे कुणी उद्धट बोलत नव्हतं, कुणी फाइल दाबत नव्हतं. प्रत्येक ईमेलला 'किआ ओरा' या माओरी नमस्काराने सुरू होणारं गोड उत्तर येई, आणि धोंडे जागचे हलत नसत. मी घरी येऊन बायकोवर खेकसायचो. ती एका दवाखान्यात फार्मासिस्ट होती, दिवसभर माणसांची दुखणी ऐकून आलेली. एकदा म्हणाली, "अरे, टेकडीचा राग माझ्यावर का काढतोस?"

दोन वर्षं अशी गेली. शेवटी मी धोंड्यांचा नाद सोडला आणि दुसरी वाट शोधली. खालून, मेंढ्यांच्या कुरणातून, टेकडीवरच्या एका घळीला वळसा घालून पुन्हा वर जाणारी. कुरणाच्या मालकाला विचारलं, तो लगेच तयार झाला, "स्वीट अ‍ॅज, फाटक तेवढं लावा." उत्साहाच्या भरात मी तो नकाशा रविवारी कुंपणावर पसरून बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बोटाने अख्खी वाट दोनदा फिरवली.

प्रस्ताव तीन आठवड्यांत परत आला. पर्यायी वाट सुचवणं आमच्या कामाच्या कक्षेत बसत नव्हतं.

पुढे जे झालं ते मला माझ्या मुलीकडून कळलं. ती तेव्हा सात वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. शनिवारी दुपारी बूट चिखलाने माखून घरी आली.

"कुठे गेली होतीस गं?" बायकोने विचारलं.

"वी फॉलोड द यलो वन्स, आई! इट वॉज हीप्स ऑफ फन!"

मी मागच्या दारातून बाहेर पडलो. कुंपणाच्या पहिल्याच खांबावर तीन पट्ट्या होत्या, पांढरी, पिवळी, पांढरी. तिथे उभं राहिलं की पुढची दिसत होती.

मी घरी येऊन मुलीचे बूट धुतले. बायको तेवढं म्हणाली, "तू त्यांना नकाशा दाखवलासच कशाला?"

आठवडाभरात लोक त्या वाटेने जायला लागले, कुत्री घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन. पुढच्या सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. समितीकडे तक्रार आली होती. कुणीतरी परवानगीशिवाय खुणा केल्यात, जाऊन बघ, फोटो काढ, शिफारस लिही.

मी सतरा खुणांचे फोटो काढले. पट्ट्या एकसारख्या, कडा धारदार. घळीच्या अलीकडे, जिथे माझ्या नकाशातली रेघ जरा जास्तच काठाशी गेली होती, तिथे बाईंनी वाट दहा पावलं मागूनच वळवली होती. त्यांचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. हे मला अहवालात लिहिता आलं असतं. मी लिहिलं, 'अनधिकृत खुणा काढून टाकाव्यात.' कुणी केल्या या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं, आणि या खोटेपणाला मी स्वतःशी चांगुलपणा म्हणत राहिलो.

करड्या रंगाचे डबे घेऊन एक कामगार आला. त्याच्याबरोबर मलाही जायला सांगितलं होतं. पहिल्या खांबापाशी बाई आपल्या अंगणात उभ्या होत्या. मी मान खाली घातली. कामगाराने ब्रश फिरवला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "दुसरा हात द्यावा लागेल. पांढरा खालून दिसतोय."

त्यानंतर त्या कुंपणापाशी येईनाशा झाल्या. मुलगी एकदा चकल्या घेऊन त्यांच्याकडे गेली, रिकामा डबा धुऊन पुसून परत आला, त्यात काही नव्हतं. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परतलो. रागही येत होता, समितीचा, साहेबांचा आणि बाईंचासुद्धा. मी एकट्याने का सगळ्याचं उत्तर द्यायचं? मग त्यांचं कंबरेचं हाड मोडलं, घरातच पडून. २०१७ मध्ये त्यांचा मुलगा टौरंगाहून आला आणि त्यांना घेऊन गेला. त्या निघाल्या तेव्हा मी दवाखान्यात होतो, मुलीच्या तापासाठी. आलो तेव्हा पडदे उतरवलेले होते.

वाट पुढच्या वर्षी उघडली. कुरणातून, घळीला वळसा घालून, बाईंनी वळवली होती त्याच ठिकाणाहून. समितीने नवा सल्लागार नेमला होता, त्याला हाच मार्ग सुचला. उद्घाटनाला सॉसेज भाजले, भाषणं झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला तिथे उभं राहवेना.

२०१९ मध्ये कामानिमित्त टौरंगाला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाला फोन करून घरी गेलो. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यालगतचं नवं घर. आजूबाजूला गाड्याच गाड्या, माणूस पायी दिसेना. बाई वॉकर घेऊन माझ्याबरोबर समुद्राकाठच्या फरसबंदीवर आल्या. दुसऱ्या बाकापाशी दम लागला, बसल्या.

"वाट उघडली," मी म्हणालो. "तुमचीच."

"मुलाने सांगितलं."

"मी तेव्हा अहवालात खरं लिहायला हवं होतं. वळण तुमचं बरोबर होतं. नुसतं 'काढून टाका' लिहिलं मी."

त्यांनी वॉकर बाकाशी ओढून घेतला.

"त्या खुणा काढायलाच हव्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी कोण लागून गेले तिथे रंगवणारी? त्याचं मला काही नाही. तू नंतर दोन वर्षं शेजारी राहत होतास. एकदाही आला नाहीस. तेव्हा मला चालता येत होतं."

दारापर्यंत दोनदा आलो होतो हे सांगावंसं वाटलं, पण ते त्यांना काय उपयोगाचं?

"गाडी इथे आण," त्या म्हणाल्या. "परत चालणं व्हायचं नाही."

गाडी लांब लावली होती. मी निम्म्या वाटेवर पळायला लागलो.