हिलालनानांच्या दोन बाटल्या

जळगावचे सराफ सोनं पारखतात, आमचे हिलालनाना लघवी पारखत. अमळनेरच्या एका धर्मादाय क्षयरोग दवाखान्यात ते कंपाउंडर होते आणि एक्क्याण्णव साली मी तिथे नवाकोरा डॉक्टर म्हणून पुण्याहून आलो. गावातल्या टवाळांनी त्यांचं नाव 'मूतसराफ' ठेवलं होतं. नाना चिडत नसत. "काय बी म्हना भो, पन बाटली लई या," एवढंच म्हणत.

त्यांची रीत साधी होती. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन पोटातून रक्तात उतरलं, की काही तासांत लघवी केशरी होते. पेशंटने सकाळी उपाशीपोटी औषध घ्यायचं आणि दुपारी बाटली घेऊन यायचं. नाना ती खिडकीच्या उजेडात धरत. केशरी असेल तर पुढच्या आठवड्याची औषधं मिळत, पिवळी असेल तर आधी बोलणी खावी लागत.

त्या वर्षी तीन औषधं एकातच असलेली नवी गोळी बाजारात आली होती. मूठभर औषधं गिळण्यापेक्षा ही बरी, म्हणून मीच हट्टाने मागवली. आधी ती एकट्या शेवंताबाईला दिली. ती जिनिंगमध्ये कापूस निवडायची. नवरा नव्हता, पदरात दोन मुली होत्या.

तिची बाटली पहिल्या आठवड्यात पिवळी आली. दुसऱ्यात पिवळी, तिसऱ्यातही पिवळीच. ताप हटेना, वजन वाढेना. पेशंट खोटं बोलतात हे मला कॉलेजात शिकवलं होतं, त्यामुळे मी तिच्या कार्डावर तिन्ही वेळा 'औषध घेत नाही' असं लिहून टाकलं. तीन शेरे झाले की फुकट औषधाच्या यादीतून नाव कापायचं, असा दवाखान्याचा नियम होता. विकतचं औषध तिला परवडणारं नव्हतं. नाव कापणं म्हणजे तिला मरायला सोडणं, हे मला पुरतं कळत होतं आणि तरी मी पेन उचललं होतं.

"कानबाईनी आन, साहेब, एक बी गोळी मी चुकाडी नही," ती म्हणाली.

"आणेने जंतू मरत नाहीत, बाई," मी म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

ती गेल्यावर नाना टेबलाशी आले. श्रावणात खानदेशात घरोघर बसते ती देवी म्हणजे कानबाई. "तिनी खोटी आन आठे कोनी लेत नही, साहेब," ते म्हणाले. "शनवारलगून थांबा." त्यांचा मान राखायचा म्हणून मी शनिवारपर्यंत थांबलो, पटलं म्हणून नव्हे.

गुरुवारी दुपारी नानांनी माझ्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या. एकीतलं पाणी पळसाच्या फुलांच्या रंगाचं होतं, दुसरीतलं साधं पिवळं. दोन्हींतली लघवी नानांची स्वतःची होती. मंगळवारी त्यांनी उपाशीपोटी रिफाम्पिसिनची जुनी सुटी कॅप्सूल घेतली होती आणि गुरुवारी तेवढ्याच ताकदीची नवी गोळी. शेजारी कोमट पाण्याचा पेला होता. त्यात सकाळपासून टाकलेली गोळी सुपारीसारखी तशीच पडून होती.

"खोट बाईमा नही, गोळीमा शे," नाना म्हणाले.

धडधाकट माणसाने असलं औषध घेतलं म्हणून मी आधी त्यांच्यावरच डाफरलो. ते शांतपणे म्हणाले, "कानबाईनी आन लिधी तिनी. मंग पारख कोन करी?"

वेष्टनावर औषध तेच छापलेलं, वजनही तेच. पण गोळी बांधताना कुठेतरी बिघडलं होतं आणि औषध रक्तात न उतरताच शरीराबाहेर जात होतं. एवढी शिकलेली माझी अक्कल तीन आठवडे बाईवर संशय घेत बसली. नानांनी मात्र आधी गोळीवर संशय घेतला, कारण त्यांना माणसं माहीत होती. सगळ्या गोळ्या मी परत पाठवल्या आणि शुक्रवारी शेवंताबाईला निरोप धाडून तिच्या हाती जुनी सुटी औषधं दिली.

पुढे ती बरी झाली. पण मला आठवतो तो शनिवार. एरवी बाटली पदराखाली लपवून आणणारी ही बाई, त्या दिवशी भरबाजारातून ती उघडी हातात धरून आली आणि तिने ती माझ्या टेबलावर ठेवली. आतला रंग गर्द केशरी होता.

"देखा, साहेब. आते जे लिखेल शे ते खोडी टाका."

मी तिन्ही शेरे खोडले. खाली लिहिलं, 'बाई औषध नेमाने घेत होती. गोळी खराब होती. चूक डॉक्टरची.' आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

तिने ऐकून घेतलं, कार्ड उचललं आणि नानांकडे नेलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि माझ्या शब्दावर तिने का विसंबावं? नानांनी चष्मा लावला, कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं, एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि मान हलवली. मग ती बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.