दुखऱ्या गुडघ्याची बाजू

चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तिला सगळे आरसेबाई म्हणत. जेवणाच्या सुट्टीत ती बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहून टेबल टेनिसची बॅट फिरवायची. कोपर किती वाकलं, मनगट कधी वळलं, सगळं निरखून. फोरहँड असा देखणा, की बघणाऱ्यांचा घास हातातच राहायचा. तरी अकरा वर्षं ती कारखान्याच्या स्पर्धेत पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गारद होत आली.

"तू चेंडूशी खेळतेस, समोरच्या माणसाशी नाही," तिला खेळ शिकवणारा थोरला भाऊ वैतागायचा. "समोरचीला काय जमत नाही, ते बघ की जरा!"

"आधी हात तर बसू दे, दादा."

"चाळिशी उलटली. आता कधी बसणार?"

ते तिच्या जिव्हारी लागलं. त्या वर्षी तिने सराव निम्म्यावर आणला आणि उरलेला वेळ बाकावर बसून इतरांचे खेळ पाहिले. कोण बॅकहँडला बिचकतं, कोण घाईत सर्व्हिस घालवतं. आणि ती चक्क अंतिम फेरीत पोचली.

समोर पॅकिंगमधली ताई. पंधरा वर्षांची मैत्रीण. ताईचा डावा गुडघा दुखतो, हे कारखान्यात फक्त आरसेबाईला ठाऊक होतं. डॉक्टरकडे तीच घेऊन गेली होती.

शेवटच्या गेममध्ये नऊ-नऊ. आरसेबाईने जाळीलगत हलकेच चेंडू ठेवला. ताई पुढे झेपावली, कसाबसा परतवला. पुढचा तिने ताईच्या डावीकडे, लांब कोपऱ्यात मारला. ताई गर्रकन वळली, गुडघा मुडपला आणि टेबलाची कड धरून ती खालीच बसली.

"हेच! हेच सांगत होतो!" दादा ओरडला.

ताई उठली आणि जागेवर गेली. आरसेबाईने पुढचाही चेंडू तिथेच मारला. जिंकली.

नंतर ती बर्फाची पिशवी घेऊन ताईशेजारी बसली. "चुकलं माझं."

"चुकलं कसलं? कुणीही तिथेच मारला असता," ताई म्हणाली. "फक्त बाकीच्यांना माहीत नव्हतं गं."

दोन महिन्यांनी ताई पुन्हा खेळायला लागली. दोघी अजूनही रोज खेळतात, हसतातही. आरसेबाई न चुकता विचारते, "गुडघा कसा आहे?"

"छान आहे," ताई म्हणते, आणि सर्व्हिस करते. ते खरं की खोटं, आरसेबाईला कळत नाही. पण डाव्या कोपऱ्यात मारायला तिचा हात आता धजत नाही.