वन्संची रंगीत तालीम

माझी थोरली नणंद नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे. पडद्याआड बसून नटांना वाक्यं पुरवायची, हे तिचं काम. तोंडावर मी तिला वन्संच म्हणते, आणि त्याही वन्संसारख्याच वागतात. "माझ्या प्रयोगात आजवर कोणी अडलं नाही!" हे त्या इतक्यांदा सांगतात की आमचे हे मागे उभं राहून सोबत ओठ हलवतात.

साथीची बातमी आली, नाट्यगृहं बंद झाली आणि वन्संच्या अंगात वारं शिरलं.

"रोग घरात येईलही. पण बाबांपर्यंत पोचता कामा नये!"

माझ्या सासऱ्यांची फुफ्फुसं आधीच अधू. जिना चढले तरी धाप लागते. हा ताप त्यांना झेपणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, पण बोलायची छाती कोणाची नव्हती. वन्सं बोलल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या.

काय ती धांदल! मागची खोली रिकामी केली, माझं शिलाई मशीन थेट आमच्या पलंगाच्या उशाशी आलं. खिडकीची गंजलेली कडी यांनी तेल घालून सोडवली. बाबांची औषधं आणि किराणा भरून झाला. मागच्या खोलीच्या दाराबाहेर एक खुर्ची मांडली, रोग्याचं ताट ठेवायला. शेजारी खिळ्यावर मास्क, खाली साबणाच्या पाण्याची बादली.

आणि मग तालीम! हे झाले रोगी. असे काही खोकले की शेजारीण विचारायला आली. मी ताट घेऊन निघायचे आणि माझ्या मागून वन्संचा आवाज यायचा, "मास्क... ताट खुर्चीवर... आता मागे... दार वाजव... अजून मागे, हात धू!" बाबा समोरच्या खोलीत खिडकीपाशी बसून टाळ्या वाजवायचे. "पुन्हा एकदा होऊन जाऊ दे!" खरं सांगते, मला इतकी मजा लग्नातही आली नव्हती.

एके दिवशी सकाळी वन्संना कणकण वाटली. त्या कोणाशी न बोलता मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. डॉक्टरांनी फोनवरूनच औषधं सांगितली. दुपारपर्यंत वन्संचा घसा पार बसला.

मी ताट घेऊन पॅसेजमध्ये आले आणि थिजले. पुढचं आठवेचना! आम्हाला काही पाठ झालंच नव्हतं. आम्ही अडखळायच्या आधीच वन्सं सांगून मोकळ्या व्हायच्या. ताट हातात, मास्क खिळ्यावर, आणि माझा हात चालला दाराच्या कडीकडे.

"मास्क!" समोरच्या खोलीतून आवाज आला. "ताट खुर्चीवर... आता मागे..."

बाबा! रोज तालीम बघून बघून त्यांना शब्दन् शब्द पाठ झाला होता. आवाजात तोच वन्संचा ठसका. मी हसत हसत मागे सरकले. आतून वन्संनी दारावर एक टिचकी मारली. म्हणजे ठीक आहे.

मग रोज हाच प्रयोग रंगायला लागला. हे फोडणीबिडणी शिकले, बाबा जागेवरून हलायचे नाहीत, पण त्यांचा आवाज घरभर.

एका सकाळी मी दार वाजवलं, तर टिचकी आली नाही. पुन्हा वाजवलं. काहीच नाही. बाबांच्या सूचनाही थांबल्या होत्या. वळून पाहिलं तर ते पॅसेजमध्ये! तोंडाला मास्क नाही, भिंतीला धरून, धापा टाकत येत होते.

"उघड दार! मी जातो आत!"

"बाबा, नको!" मी ओरडले, पण ऐकतंय कोण! त्यांचा हात कडीकडे गेला.

"बाबा, मागे!" आतून घोगरा, फाटका आवाज आला. "आधी मागे! मास्क कुठाय?"

वन्सं! रात्री ताप उतरला होता आणि त्या गाढ झोपल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघरातून हे उलथनं घेऊनच धावत आले.

बाबा मुकाट्याने मागे सरकले. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

"माहितीये गं मला," ते दाराकडे बघून म्हणाले. "तुला पाठ आहे का, ते बघत होतो."